आठ कॉम्प्युटर, नऊ चुली

फूट म्हणून पडलेली चिटणीसांना सोसत नसे. बशीला तडा गेलेला दिसला तरी ते जेवताना अस्वस्थ होत. वाचनालयाच्या चिटणीसपदावर ते निवडून आले तेही या गुणावरच. म्हणजे त्या पदासाठी दुसऱ्या कुणाचा अर्जच आला नव्हता, आणि चिटणीसांनी त्याला ‘एकमत’ म्हटलं होतं. एकमत हा त्यांचा फार आवडता शब्द. घरी भाजी कोणती करायची यावरसुद्धा ते आधी एकमत करायला जात आणि बाई तोवर फोडणी घालून मोकळ्या होत.

बाई म्हणजे चिटणीसांच्या पत्नी. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सगळं गाव, आणि अधूनमधून चिटणीसही, त्यांना बाईच म्हणत. बाईंचे नेम पुष्कळ. दिवस मावळेपर्यंत कुणाला टाकून बोलायचं नाही, हा एक. त्यामुळे बाईंकडून काही ऐकून घ्यायचं असलं की ते चिटणीसांना दिवे लागल्यावर, एकत्र आणि व्यवस्थित लावून मिळे. गुरुवारी दिवसभर मौन, हा दुसरा. चिटणीसांना गुरुवार मनापासून आवडे.

पलीकडच्या रस्त्यावरची विम्याची कचेरी उठली, तेव्हा जाताजाता त्या लोकांनी आठ जुने कॉम्प्युटर वाचनालयाच्या दारात आणून ठेवले. आतलं सगळं पुसून दिलं होतं. घर होतं, पण घर चालवणारं आत कुणी नव्हतं. ती जी चालवणारी प्रणाली असते, ती विकत आणायचा विषय कार्यकारिणीत निघाला, तेव्हा खजिनदारांना जो खोकला आला तो विषय बदलेपर्यंत थांबला नाही.

मग चिटणीसांनी लिनक्स शोधून काढलं. तो शोध जगात आधीच लागून गेला होता ही गोष्ट वेगळी. वाचनालयात तो चिटणीसांनीच लावला. ही प्रणाली फुकट. शिवाय उघडी. कुणीही घ्यावी, आतलं बघावं, आपल्याला हवं तसं बदलावं, नाव देऊन पुढच्याला द्यावी. असं करत करत तिची शेकडो रूपं झाली आहेत. जाणकार त्यांना डिस्ट्रो म्हणतात. चिटणीसांनी त्याला ‘घराणं’ हा शब्द काढला आणि तो वाचनालयात सगळ्यांना पटला. एवढ्या एकाच बाबतीत पुढे एकमत झालं, म्हणून ते इथे सांगून ठेवलं.

चिटणीसांनी आठही कॉम्प्युटरवर एकच घराणं बसवलं. त्यांचं चाललं होतं तोवर बाई शेजारी बसून एकेका कॉम्प्युटरचं अंग ओल्या फडक्याने पुसत होत्या. आठही सुरू झाले. आठांवर तेच निळं चित्र, तेच हिरवं बटण, खाली डावीकडे. चिटणीस दारात उभं राहून ती रांग कितीतरी वेळ बघत होते. पलटणीकडे सेनापती बघतो तसं.

इथपर्यंत थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण उद्घाटन होतं, आणि उद्घाटन म्हटलं की भाषण आलं.

“ही प्रणाली कुणाच्या बापाची नाही,” चिटणीस म्हणाले. “ती तुमची आहे, माझी आहे. नाही पटली? बदला. कुणाला विचारायला जाऊ नका. इथे मालक कुणीच नाही, म्हणून इथे प्रत्येकजण मालक आहे.”

टाळ्या पडल्या. आपली भाषणं लोक ऐकत नाहीत, असं चिटणीसांना बरेच दिवस वाटत आलं होतं. हे भाषण मात्र लोकांनी नीट ऐकलं होतं.

बाईंनी मागच्या खोलीत बायकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढला. आयुष्यभर पाढे शिकवलेल्या बाई. त्यांनी कॉम्प्युटरही तसाच शिकवायला घेतला. एकसाथ, एका सुरात.

“खाली डावीकडे,” बाई म्हणत.

“खाली डावीकडे,” बायका म्हणत, आणि आठ हात खाली डावीकडे जात.

“हिरवं बटण.”

“हिरवं बटण.”

“तिसरी ओळ.”

“तिसरी ओळ.” आणि आठ पडद्यांवर आठ कोरे कागद एकदम उघडत. ज्या बायकांनी आजवर नातवाच्या हातातून फोन घेऊन फक्त परत दिला होता, त्या स्वतःच्या हाताने लेकीला पत्रं लिहू लागल्या. रस्त्याने जाणाऱ्याला वाटे, आत काही पाठ चाललाय. चाललेलाच होता.

ही मागची खोली नगरपालिकेची. वाचनालयाकडे ती वापरापुरती होती, आणि शेजारच्या व्यायामशाळेचा तिच्यावर डोळा होता. व्यायामशाळेचे मास्तर माणूस अत्यंत सभ्य. रोज संध्याकाळी टेप घेऊन यायचे आणि वर्ग सुटला की भिंती मोजायचे.

“मोजून काय करता रोज?” चिटणीसांनी एकदा विचारलं. “भिंती वाढणार आहेत का?”

“नाही हो. मनाला जरा बरं वाटतं,” मास्तर म्हणाले. “ते कपाट हललं ना, की वजनांचा स्टँड अगदी फिट्ट बसतो.”

नगरपालिकेने कळवलं होतं, की महिनाअखेर शुक्रवारी निरीक्षक येतील. वर्ग नीट चालू दिसला तर खोली वाचनालयाकडे राहील. नाही दिसला तर व्यायामशाळेला जाईल. चिटणीसांनी मास्तरांच्या देखत ते पत्र दारावर चिकटवलं. मास्तरांनी ते वाचलं आणि कागद वाकडा लागलाय म्हणून सरळ करून दिला.

पहिली चूल वेगळी झाली ती थेट अध्यक्षांची. अध्यक्ष निवृत्त स्टेशनमास्तर. ते एका सकाळी खिशातून पेन ड्राइव्ह काढून म्हणाले, “चिटणीस, हे बटण खाली का?”

“तसंच असतं ते.”

“जन्मभर मी वर बघून काम केलं. सिग्नल कधी खाली असतो का? गाडी घसरेल अशाने.”

जावयाने त्यांना एक घराणं दिलं होतं, त्यात सगळं वरच्या बाजूला ओळीने होतं. अध्यक्षांना नाही कसं म्हणायचं? आणि स्वतःच्या भाषणाला तरी कसं म्हणायचं? पहिल्या कॉम्प्युटरवर अध्यक्षांचं घराणं आलं.

औषधांचे दुकानदार हेच वाचनालयाचे खजिनदार. त्यांनी दुसरा घेतला. त्यांचं घराणं अगदी हलकं, कमी जागेत मावणारं. “डोस कमी, गुण तोच,” ते म्हणाले. चित्रकलेच्या मास्तरांना खिडक्यांचे टोकदार कोपरे खुपत होते. “लागतं डोळ्याला,” ते म्हणत. त्यांच्या घराण्यात सगळे कोपरे गोल होते, मागे सूर्यास्त होता, आणि तो खरोखर मावळत असे. संध्याकाळी काही दिसत नसे. ग्रंथपालांचं घराणं रोज सकाळी स्वतःला नवं करून घेई, आणि दुपारपर्यंत त्यातलं काहीतरी मोडे. “मोडलं म्हणजे पुढे गेलं,” ग्रंथपाल शांतपणे सांगत. पुस्तकांच्या बाबतीत त्यांनी असा विचार कधी केला नव्हता, ही देवाची कृपा.

वर्गात दोन जावा येत. थोरल्या जाऊबाईंनी मोठ्या अक्षरांचं घराणं मागवून घेतलं. धाकट्यांना अगदी तेच हवं होतं, फक्त ते थोरल्यांचं नको होतं. शोधल्यावर तसंही एक घराणं निघालं: सगळं थोरल्यांचंच, नाव वेगळं. निर्माण करणारे कुठल्या देशातले कोण होते कळलं नाही, पण ते सख्खे भाऊ असावेत असं चिटणीसांना वाटून गेलं.

सातवा वायरमनने घेतला. त्याच्या घराण्यात चित्र नाही, बटण नाही, काही नाही. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ.

“हे बंद आहे की चालू?” चिटणीसांनी विचारलं.

“हेच खरं लिनक्स,” वायरमन म्हणाला. “बाकी सगळी रंगरंगोटी.” त्या कॉम्प्युटरजवळ बसायला कुणी धजत नसे. वायरमनला तेच हवं होतं.

आठवा तेवढा मूळच्या घराण्यावर राहिला, कारण तो बाईंचा होता. त्याच्याकडे कुणी पेन ड्राइव्ह घेऊन वळलं, की बाई नुसत्या चष्म्यावरून बघत. शाळेत त्या नजरेने चांगली चांगली मुलं खाली बसत.

भाऊबंदकी झाली म्हणजे आधी काय होतं, तर विहिरीवरून भांडण. इथे विहीर म्हणजे प्रिंटर. तो एकच होता, आणि नव्या घराण्यांपैकी एकाशीही तो धड बोलेना. सातजणांनी सात ठिकाणी बसून तेच एक दुखणं शोधायला घेतलं. दुकानदारांना उपाय सापडलाही. कुठलीशी एक ओळ बदलली की प्रिंटर चालत होता. ते गुपचूप आपलं छापून नेऊ लागले. बाकीचे सहाजण त्याच गाठीशी झटत राहिले.

“तुम्हाला जमलं, तर सांगायचं नाही का?” चिटणीस म्हणाले.

“विचारलं कुठे कुणी?” दुकानदार म्हणाले. “आणि माझ्या घराण्याचं औषध दुसऱ्या घराण्याला लागू पडेल याची जबाबदारी मी नाही घेत.”

आणि मग वर्ग भरला.

“खाली डावीकडे,” बाई म्हणाल्या.

“खाली डावीकडे,” सगळ्या म्हणाल्या आणि आठ हात सवयीने गेले. अध्यक्षांच्या घराण्यात तिथे काहीच नव्हतं. तिथली बाई रिकाम्या जागेवर मनोभावे क्लिक करत राहिली.

“हिरवं बटण.”

दुकानदारांच्या घराण्यात हिरवं बटण म्हणजे बंद. तो पडदा काळा झाला. चित्रकलेच्या मास्तरांच्या घराण्यात सगळंच केशरी होतं, कारण सूर्य टेकला होता. थोरल्या जाऊबाईंचा कॉम्प्युटर परकीय भाषेत मोठ्याने काहीतरी वाचून दाखवू लागला. धाकट्यांचाही लागला, पण दुसऱ्या भाषेत.

“तिसरी ओळ,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून शांत होता. सूर्य मावळायचा होता.

“माझ्याकडे दोनच ओळी आहेत, बाई.”

“माझ्याकडे ओळ नाही, चाक आहे.”

“बाई, हा म्हणतोय मी नवा होतोय, हात लावू नका.”

“जाऊबाई, तुमच्याला जरा गप्प करा हो, माझा काय म्हणतो ते ऐकू येत नाही.”

“आधी तुझ्याला कर.”

काळ्या पडद्यापुढे बसलेली बाई तेवढी निवांत होती. तिने लुकलुकणाऱ्या रेघेपुढे हात जोडले होते. दारात व्यायामशाळेचे मास्तर टेप घेऊन उभे होते. ते हसले नाहीत. सभ्य माणूस. पण त्यांनी टेप जरासा उलगडला, तो आवाज चिटणीसांना ऐकू आला.

त्या दिवशी दिवे लागल्यावर बाई म्हणाल्या, “मी एका वर्गात आठ वर्ग घेणार नाही. उद्यापासून बंद.”

“अगं, निरीक्षक यायचेत शुक्रवारी.”

“येऊ देत. त्यांना तुमचं ते भाषण ऐकवा. मालक कोणी नाही, सगळेच मालक.” बाईंनी ताटं मांडली. “लेकीला अर्धं पत्र लिहून ठेवलंय एकीने. उरलेलं अर्धं कुठल्या घराण्यात लिहू, विचारत होती. काय सांगू?”

लोक भांडतात, हे चिटणीसांना चालत होतं. सभेत ते कामच असतं. पण ते अर्धं पत्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

त्यांनी सभा बोलावली. विषय एकच: घराण्यांचं एकीकरण.

सभेत सगळे एकीच्या बाजूने होते. अध्यक्ष तर गहिवरले. “एकी हवीच,” ते म्हणाले. “सगळ्यांनी बटणं वर घ्यावीत, झाली एकी.”

“एकी होईल,” चित्रकलेचे मास्तर म्हणाले, “पण कुरूप व्हायला नको.”

“ज्याला चित्रं लागतात त्याच्याशी मी एकी करत नाही,” वायरमन म्हणाला.

“मी तयार आहे,” थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. “धाकटी सोडेल तिचं?”

“त्यांचं आणि माझं एकच आहे,” धाकट्या म्हणाल्या. “त्यांनी सोडलं की झालं.”

ग्रंथपालांनी सूचना मांडली, की आज ठराव करूच नये. उद्या त्याची नवी आवृत्ती येईल. शेवटी एकीकरण समिती नेमली गेली. समितीची एकच बैठक झाली, तीत तिची एक उपसमिती फुटून निघाली, आणि तिने आपली वेगळी बैठक त्याच वेळी शेजारच्या बाकावर घेतली.

चिटणीस घरी आले ते एक निश्चय करूनच. लोक एकत्र येत नाहीत ना? मग घराणीच एकत्र आणू. ते आपल्या घरच्या कॉम्प्युटरसमोर बसले. अध्यक्षांची वरची ओळ घेतली. बाकीच्यांसाठी खालचीही ठेवली. थोरल्या जाऊबाईंची मोठी अक्षरं घेतली, तेव्हा ती कुठल्याच ओळीत मावेनात. म्हणून दुकानदारांचा हलकेपणा घेतला, म्हणजे निम्मे शब्द काढले. चित्रकलेच्या मास्तरांचा सूर्यास्त घेतला. सूर्यास्तात मधोमध वायरमनचा काळा पडदा ठेवला. रोज नवं होणं ग्रंथपालांसाठी घेतलं, पण नवं होण्याआधी ते प्रत्येकाची परवानगी विचारील अशी सोय केली. या घराण्याला त्यांनी नाव दिलं ‘एकमत’.

एकमत सुरू व्हायला इतका वेळ लागे, की तोवर आपण काय करायला बसलो होतो हे माणूस विसरून जाई. पण त्यात सगळे होते. कुणालाही वगळलेलं नव्हतं. चिटणीसांचे डोळे भरून आले.

ते घरचा कॉम्प्युटर हातगाडीवर घालून वाचनालयात घेऊन गेले. सगळ्यांनी कौतुक केलं.

“उत्तम,” अध्यक्ष म्हणाले. “बाकीच्यांनी हे घ्यायलाच हवं.”

“हो, त्यांना द्याच,” दुकानदार म्हणाले. “त्यांची फार गैरसोय होते.”

एकूण सातजणांनी एकमत बाकीच्यांसाठी मनापासून मंजूर केलं. स्वतःसाठी कुणी घेतलं नाही. बाईंच्या आठव्याकडे चिटणीसांनी एक पाऊल टाकलं आणि चष्म्यावरून आलेली नजर बघून ते मागे घेतलं. तेव्हा त्यांनी आपला कॉम्प्युटर खोलीच्या कोपऱ्यात, कपाटाजवळ मांडला. व्यायामशाळेच्या मास्तरांनी लगेच तो धरून मोजलं.

रात्री बाई एवढंच म्हणाल्या, “आठ कॉम्प्युटर होते. आता चुली नऊ झाल्या.”

दुसरा दिवस गुरुवार. बाईंचं मौन. निरीक्षक यायला एकच दिवस राहिलेला. चिटणीस सकाळी उठले तो बाई एका पुठ्ठ्यावर काहीतरी काढत बसल्या होत्या. एकाखाली एक चार चित्रं: एक कोरा कागद, एक पेटी, एक छापलेला कागद, एक मिटलेला डोळा. लिही, ठेव, छाप, बंद कर. पुठ्ठ्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. बाकी सगळा पुठ्ठा मोकळा.

“हे काय?” चिटणीसांनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आज उत्तर नाही.

बाईंनी चपला घातल्या. चिटणीसही निघाले. लोकांना समजावून सांगायला कुणीतरी हवं ना. पहिल्याच दारात त्यांनी “त्याचं असं आहे” म्हणून सुरुवात केली, तर बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. तेव्हापासून चिटणीसांनाही मौन पडलं, स्वखुशीने नव्हे.

अध्यक्षांनी पुठ्ठा बघितला. “हे खाली आहे,” ते म्हणाले.

बाई काही बोलल्या नाहीत.

“मी माझं वरचं काढणार नाही.”

बाईंनी पुठ्ठ्याच्या वरच्या मोकळ्या जागेवरून हात फिरवला आणि तो हात अध्यक्षांकडे केला: हे तुमचं. मग बोट खालच्या कोपऱ्यावर ठेवलं.

अध्यक्षांनी सिग्नलचा इतिहास सांगायला सुरुवात केली. समोरून “हो” नाही, “नाही” नाही, “पण” नाही. वादाला दोन बाजू लागतात. एका बाजूने तो थोडा वेळ चालतो आणि मग त्याला धाप लागते. सिग्नलच्या इतिहासाच्या मध्यावर अध्यक्ष थांबले. “वरचं सगळं माझंच राहणार ना?” बाईंनी मान हलवली. “मग एवढ्याशा कोपऱ्याचं काय आहे,” अध्यक्ष म्हणाले. “फलाट सगळ्या गाड्यांना एकच असतो.”

चित्रकलेच्या मास्तरांनी चारही चित्रं सुबक करून देण्याची अट घातली. बाईंनी पेन्सिल पुढे केली. ग्रंथपालांनी कबूल केलं, की रोज काय वाटेल ते नवं होवो, हा कोपरा नवा होणार नाही. थोरल्या जाऊबाईंनी विचारलं, “धाकटी तयार झाली?” बाई गप्प. थोरल्यांनी ते ‘नाही’ असं घेतलं आणि तिच्या आधी आपण तयार झालो म्हणून खूश झाल्या. धाकट्यांनी विचारलं, “थोरल्या तयार झाल्या?” बाई गप्प. धाकट्यांनी ते ‘हो’ असं घेतलं आणि मागे कशाला राहा म्हणून तयार झाल्या.

दुकानदारांपुढे बाईंनी छापलेल्या कागदाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. दुकानदारांनी चष्मा पुसला. वह्या लावल्या. बोट तिथेच. “लिहून देतो ती ओळ,” ते शेवटी म्हणाले. “पोटात ठेवून मला तरी काय मिळालं? रोज एकटाच छापत बसायचो.” त्यांनी ती औषधाच्या पुड्यांवर सहादा लिहून दिली आणि वर ‘दिवसातून एकदा’ असं सवयीने लिहिलं.

वायरमन वाचनालयात आपल्या काळ्या पडद्यापुढेच सापडला. म्हणाला, “माझ्यात चित्रच येत नाही.” बाई उभ्या. “बसवणारच नाही मी चित्र.” बाई उभ्या. तो पाठ करून कामाला लागला. बराच वेळ गेला, तरी त्याला पाठीवर पुठ्ठा जाणवत होता. शेवटी त्याने काळ्या पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात टिंबं आणि आडव्या रेघा जुळवून चार चित्रं उमटवली. मिटलेला डोळा सगळ्यांत त्याचाच चांगला आला होता. “हे कुणाला सांगू नका,” तो म्हणाला. बाईंकडून तशी भीती नव्हती.

कुणी काही सोडलं नव्हतं. घरं आपापल्या रंगाची राहिली. उंबरा तेवढा सगळ्यांनी एका उंचीचा करून घेतला.

घरी आल्यावर बाईंनी तो पुठ्ठा चिटणीसांपुढे धरला.

“मला कशाला?” चिटणीस म्हणाले. दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं त्यांच्या तोंडून आलं. “माझं तर एकमतच आहे. त्यात हे चारही आहेत. प्रत्येक चार ठिकाणी आहे. फूट त्यांनी पाडली, कोपरे त्यांनी जुळवायचे. ज्याने एकीकरण केलं त्यालाच तू एकी शिकवतेस?”

बाई पुठ्ठा धरून उभ्या राहिल्या. पण चिटणीसांना बत्तीस वर्षांच्या संसाराचा सराव होता; ते अध्यक्षांसारखे कच्चे नव्हते. थोड्या वेळाने बाईंनी पुठ्ठा खाली ठेवला.

शुक्रवारी निरीक्षक आले. वर्ग बसलेला होता. आठ खुर्च्यांवर आठ बायका. निरीक्षकांना बसायला जागा एकच होती, कोपऱ्यात, एकमतपुढे. चिटणीसांनी स्वतः खुर्ची पुसून त्यांना तिथे बसवलं. दारात व्यायामशाळेचे मास्तर होते.

“खाली डावीकडे,” बाई म्हणाल्या.

“खाली डावीकडे.” आठ हात गेले.

“पहिलं चित्र.”

“पहिलं चित्र.” आणि आठ पडद्यांवर, सूर्यास्तात आणि गोल कोपऱ्यांत, मोठ्या अक्षरांत आणि काळ्या अंधारात, आठ कोरे कागद एकदम उघडले. ती अर्ध्या पत्राची बाई किंचित हसली. बाईंनी वाक्य सांगितलं, बायकांनी लिहिलं. दुसरं चित्र. तिसरं चित्र. प्रिंटर खाकरला, आणि एकामागून एक आठ कागद बाहेर आले. आठांवर तेच होतं: ‘ही खोली वापरात आहे.’

निरीक्षकांनी उत्साहाने खाली डावीकडे क्लिक केलं. एकमतने विचारलं, वरच्या पद्धतीने उघडायचं की खालच्या. त्यांनी खालच्या म्हटलं. एकमतने विचारलं, कोपरे गोल हवेत का. मग ते म्हणालं, मी नवं होऊ का, आणि उत्तराची वाट न बघता सगळ्यांची परवानगी आहे असं जाहीर करून ते नवं व्हायला लागलं. मागे सूर्य मावळत होता.

निरीक्षक उठले. त्यांनी आठ कागद हातात घेतले, उलटसुलट पाहिले, मग आपली फाईल पाहिली.

“माझ्याकडे यंत्रं आठ लिहिली आहेत. हे नववं कशाचं?”

“एकीकरणाचं,” चिटणीस म्हणाले.

“एकीकरणाचा रकाना नाही.” निरीक्षकांनी सही केली. “आठ चालू आहेत, खोली तुमच्याकडेच. नोंदीत नसलेलं यंत्र तेवढं आज हलवा. वर्गाशी त्याचं जुळत नाही.”

खोली राहिली. बायकांनी बाईंभोवती घोळका केला. अध्यक्ष दुकानदारांना सांगत होते, की फलाटाची कल्पना मुळात आपली. चिटणीस कोपऱ्यात आपल्या कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळत होते. आता हातगाडी कुठून आणावी या विचारात असताना व्यायामशाळेचे मास्तर जवळ आले.

“द्या इकडे,” म्हणाले, आणि तो एका हातात उचलून चालायला लागले. रस्त्याभर त्यांनी खोलीचा विषय काढला नाही. दारात ठेवताना फक्त म्हणाले, “वजन बरं आहे हो याचं.”

दिवे लागले. चिटणीस आज काय काय ऐकावं लागणार त्याची तयारी करून बसले होते. बाई बाहेर आल्या, हात पुसले, आणि म्हणाल्या, “वर्गाची नवी वेळ टाईप करायची आहे. हा चालू करून देता?”

“एवढंच?”

“अजून काय?” बाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

पुठ्ठा टेबलावरच होता. चिटणीसांनी तो कॉम्प्युटरला टेकवून ठेवला, आणि एकमतच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात चार चित्रं एकेक करून बसवली. लिही. ठेव. छाप. बंद कर. काम झालं. ते जरा मागे सरून बघू लागले.

मिटलेला डोळा जरा उजवीकडे हवा होता. बोटभरच. तिथे तो खरोखर जास्त शोभला असता, आणि चुकून हात पडायची भीतीही कमी. चिटणीसांनी तो बोटभर सरकवला. फारच छान दिसला. कुणीही बघितलं असतं तर कबूल केलं असतं. सभा घेतली असती तर एकमताने मंजूर झालं असतं.

आत भांडी वाजायची थांबली. चिटणीसांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि डोळा उचलून परत जागेवर ठेवला.